ताळेबंद जुळतो, ईमेल जुळत नाही : अकाउंटन्सीच्या मुलांना नेमकं कुठलं इंग्रजी शिकवायचं?

बी.कॉम.च्या शेवटच्या वर्षाची मुलगी बँक जुळवणी पत्रक अर्ध्या तासात करते. टॅली या हिशेबाच्या सॉफ्टवेअरमधली तिची एंट्री सहसा चुकत नाही. पण 'क्लायंटला चार बिलं मागणारा ईमेल टाक' असं सांगितलं की वीस मिनिटं स्क्रीनकडे बघत बसते आणि शेवटी जातं ते 'प्लीज डू द नीडफुल'. समोरच्याला 'नीडफुल' म्हणजे काय ते कळत नाही. तो फोन करतो आणि फोनवर ती आणखी अडखळते.

तिला इंग्रजी येत नाही असं म्हणून हा विषय संपवता येत नाही. पहिलीपासून तिने इंग्रजी हा विषय घेतलाय, पहिल्या वर्षाला बिझनेस कम्युनिकेशनचा पेपरही पास झालीय. शिकवलं ते एक आणि कामाला लागतं ते दुसरं, ही खरी अडचण आहे. हा फरक भरून काढणारा अभ्यासक्रम कसा आखायचा, ते इथे टप्प्याटप्प्याने पाहू.

हा प्रश्न आत्ताच का आला?

दोन गोष्टी एकत्र आल्या. नव्या शैक्षणिक धोरणामुळे पदवीचे अभ्यासक्रम नव्याने बांधले जातायत आणि भाषेसाठी दोन-दोन क्रेडिटचे छोटे पेपर आलेत. एका क्रेडिटला पंधरा तास शिकवायचं, म्हणजे दोन क्रेडिटला तीस तास. स्वायत्त महाविद्यालयांना त्यात काय घालायचं हे बरंचसं स्वतःच ठरवता येतं.

दुसरी गोष्ट सीएच्या वाटेवरची. २०२३पासून आर्टिकलशिप, म्हणजे सीएच्या ऑफिसातली उमेदवारी, तीनऐवजी दोन वर्षांची झाली. आधीच्या योजनेत फाउंडेशन या सीएच्या पहिल्या परीक्षेच्या दुसऱ्या पेपरात बिझनेस करस्पॉन्डन्स अँड रिपोर्टिंगला ४० गुण होते. जून २०२४पासूनच्या नव्या योजनेत तो भाग गेला. सीए संस्थेचे (आयसीएआय) ओरिएंटेशनचे आणि संवादकौशल्याचे वर्ग आहेत, पण ते मोजक्या दिवसांचे. 'ऑफिसात गेल्यावर शिकतील हळूहळू' यातलं 'हळूहळू' आता राहिलेलं नाही. ओझं महाविद्यालयावर येऊन पडलंय.

कामापुरतं इंग्रजी म्हणजे कमी इंग्रजी नव्हे

भाषा शिकवणाऱ्यांमध्ये याला ईएसपी म्हणतात, म्हणजे 'इंग्लिश फॉर स्पेसिफिक पर्पजेस'. एका ठरावीक कामासाठी, त्या कामातल्याच कागदांवरून शिकवलेलं इंग्रजी. इथून पुढे आपण त्याला कामाचं इंग्रजी म्हणू.

अकाउंट्सच्याच भाषेत सांगायचं तर तेरीज पत्रक, म्हणजे ट्रायल बॅलन्स, आठवा. दोन्ही बाजू जुळल्या म्हणजे हिशेब बरोबर, असं कुणी अनुभवी माणूस म्हणत नाही. विसरचूक असली (व्यवहार नोंदवायचाच राहिला), तत्त्वाची चूक असली (चुकीच्या प्रकारच्या खात्यात नोंदला) तरी तेरीज जुळते. ईमेलचंही तसंच आहे. व्याकरण जुळलेलं असतं, पण कुठलं बिल, कधीपर्यंत, कशासाठी हेच लिहायचं राहून जातं. ही भाषेतली विसरचूक. व्याकरण तपासणारा शिक्षक त्यावर बरोबरची खूण करतो आणि ऑफिसातला सीनियर डोक्याला हात लावतो.

आधी जुळवणी पत्रक मांडा

अभ्यासक्रमाची सुरुवात पुस्तक निवडण्यापासून होते, तिथेच पहिली चूक होते. आधी माप घ्यायला हवं. टॉम हचिन्सन आणि ॲलन वॉटर्स या दोघांनी १९८७मध्ये गरजेची तीन अंगं सांगितली आणि ती अजून उपयोगी पडतात : कामाला काय लागतं, मुलांना त्यातलं काय येत नाही आणि मुलांना स्वतःला काय हवंय.

हे बँक जुळवणीसारखंच आहे. एका हातात बँकेचं पासबुक, म्हणजे ऑफिसची मागणी. दुसऱ्या हातात आपलं रोकड पुस्तक, म्हणजे मुलांजवळची शिल्लक. फरकाच्या ज्या नोंदी निघतात तोच तुमचा अभ्यासक्रम.

पासबुक कसं मिळवायचं? गावातल्या चार-पाच सीए ऑफिसांत, एखाद्या कारखान्याच्या अकाउंट्स विभागात आणि जमलं तर परदेशी हिशेब सांभाळणाऱ्या एखाद्या पुण्या-मुंबईच्या कंपनीत जायचं. साहेबांना 'कम्युनिकेशन कसं हवं?' असं विचारू नये. 'चांगलं हवं' एवढंच उत्तर मिळतं. एक-दोन वर्षांपूर्वी लागलेल्या मुलामुलींना विचारायचं : काल दिवसभरात इंग्रजीत काय काय लिहिलंस? फोनवर काय बोललीस? सीनियरने काय परत पाठवलं? आणि खरे कागद मागायचे. नावं, पॅन, रकमा खोडून दिलेले पंचवीस-तीस ईमेल, दोन-तीन नोटिसा, थोडे वर्किंग पेपर, म्हणजे ऑडिट करताना ठेवलेली तपासणीची टिपणं. एवढा गठ्ठा हाती आला की निम्मं काम झालं.

रोकड पुस्तकासाठी पहिल्याच तासाला चाळीस मिनिटांची चाचणी घ्यायची. त्यात रिकाम्या जागा भरायला द्यायच्या नाहीत. एक ईमेल वाचून उत्तर लिहायचं, पाच आकडे ऐकून उतरवायचे, एक तक्ता बघून दोन वाक्यं लिहायची.

तिसरं अंग, मुलांची इच्छा, तेवढं टाळू नका. बहुतेकांना 'फ्लुएंट बोलायला' हवं असतं आणि कामाच्या यादीत लेखन जास्त निघतं. बोलण्याचे तास अजिबात ठेवले नाहीत तर तिसऱ्या आठवड्यात वर्ग रिकामा होतो.

तीस तासांत काय बसतं?

सगळं बसत नाही, हे आधी मान्य करावं. एक चालणारी वाटणी अशी : ईमेलला आठ तास, फोन आणि ऑनलाइन मीटिंगला सहा, आकड्यांवर बोलायला-लिहायला चार, नोटीस वाचायला आणि उत्तराचा मसुदा करायला चार, वर्किंग पेपरच्या टिपणांना चार, अहवालातल्या ठरावीक शब्दांना दोन आणि चाचण्यांना दोन. संवादाची व्याख्या, संवादाचे प्रकार, संवादातले अडथळे यांना शून्य. 'बॅरिअर्स टू कम्युनिकेशन'वर दहा गुणांची टीप लिहिणाऱ्या मुलाचा फोनवरचा अडथळा तसाच राहतो, हे आजवर पुरेसं दिसलंय.

एक ईमेल, जवळून

टॅक्स ऑडिट चालू आहे. खरेदीची चार बिलं सापडत नाहीत. नवीन मुलगा लिहितो :

'डिअर सर, यू हॅव नॉट गिव्हन परचेस बिल्स. प्लीज सेंड अर्जंटली अँड डू द नीडफुल.'

यात व्याकरणाची मोठी चूक दाखवता येणार नाही. पण पलीकडचा अकाउंटंट एक तर चिडतो किंवा वर्षभराच्या सगळ्या बिलांचं फोल्डर पाठवून मोकळा होतो. दोन्हीत दोन दिवस जातात.

आता हेच दुसऱ्या तऱ्हेने. विषयाच्या ओळीतच काम : 'टॅक्स ऑडिट २०२४-२५ : फोर परचेस इनव्हॉइसेस नीडेड बाय फ्रायडे'. मग पहिलं वाक्य : 'वुई कुड नॉट ट्रेस द फॉलोइंग फोर इनव्हॉइसेस इन द फाइल रिसीव्ह्ड ऑन १२ जून.' खाली चार ओळींचा तक्ता : पुरवठादार, बिल क्रमांक, तारीख, रक्कम. त्यानंतर 'कुड यू प्लीज सेंड स्कॅन्ड कॉपीज बाय फ्रायडे, २० जून, ५ पीएम?' आणि शेवटी, सहसा कुणी लिहीत नाही ते वाक्य : 'इफ एनी ऑफ दीज वॉज कॅन्सल्ड, अ वन-लाइन रिप्लाय इज इनफ.' समोरच्याला सोपी वाट दिली की उत्तर लवकर येतं.

'यू हॅव नॉट गिव्हन' आणि 'वुई कुड नॉट ट्रेस' यांतला फरक शिकवायला पॅसिव्ह व्हॉइसचा धडा काढायची गरज नाही. मुलांना तो मराठीत येतोच. 'तुम्ही बिलं दिलीच नाहीत' आणि 'बिलं आमच्याकडे आलेली दिसत नाहीत' यांपैकी काकांच्या वयाच्या क्लायंटला काय म्हणायचं, हे कुठल्याही मुलीला न शिकवता कळतं. तेवढाच धागा इंग्रजीत न्यायचा.

आठ तासांत एकच ईमेल दहा वेळा न घोटता साखळी घ्यावी : पहिली मागणी, पहिली आठवण, दुसरी आठवण, सीनियरला कॉपी ठेवून तिसरी, आणि बिलं आल्यावर आभार. तिसऱ्या आठवणीत सूर कडक होतो पण उर्मट होत नाही. मुलं सर्वात जास्त इथेच घसरतात, म्हणून निम्मा वेळ त्यालाच द्यावा.

आकडे वाचणं सोपं, बोलणं अवघड

फोनवर 'फिफ्टीन' की 'फिफ्टी' हा घोळ सगळ्यांचाच होतो. उपाय साधा आहे : आकडा सांगून झाला की सुटे अंक परत सांगायचे, 'फिफ्टी, फाइव्ह-झीरो'. जीएसटी क्रमांक पंधरा अक्षरांचा असतो : पहिले दोन अंक राज्याचे, महाराष्ट्राला २७ आणि गोव्याला ३०, मग दहा अक्षरांचा पॅन, मग उरलेली तीन. तो फोनवर सलग सांगितला की एम आणि एन, बी आणि डी यांची अदलाबदल ठरलेली. दोन-दहा-तीन असे तुकडे पाडून सांगायचा. दोघांना पाठीला पाठ लावून बसवायचं, एकाने सांगायचं, दुसऱ्याने उतरवायचं. दहा मिनिटांचा हा खेळ व्याकरणाच्या तासापेक्षा जास्त चुका उघड्या पाडतो.

परदेशी क्लायंट असला की लाख-कोटी चालत नाही. दहा लाख म्हणजे एक मिलियन, एक कोटी म्हणजे दहा मिलियन. २.३५ कोटी म्हणताना तोंडातून २३.५ मिलियन निघायला सराव लागतो. स्वल्पविरामही हलतो : आपलं १२,५०,००० तिकडे १,२५०,००० होतं. तारखेचं तर विचारूच नका. ०३/०४/२०२५ ही आपल्याकडे ३ एप्रिल, अमेरिकेत ४ मार्च. महिना अक्षरांत लिहायची सवय पहिल्या दिवसापासून लावावी.

मग तक्त्यावर भाष्य. विक्री १.२० कोटींवरून १.३२ कोटी झाली, कच्च्या मालाचा खर्च ३६ लाखांवरून ४२ लाख. मुलं लिहितात, 'सेल्स अँड कॉस्ट बोथ इन्क्रीज्ड.' खरं आहे, पण निरुपयोगी. भाष्याला चार खण भरायला लावायचे : किती, कशाच्या तुलनेत, कशामुळे, मग काय. विक्री १० टक्क्यांनी वाढली, खर्च १६.७ टक्क्यांनी, म्हणून विक्रीच्या तुलनेत कच्चा माल ३० टक्क्यांवरून ३१.८ टक्क्यांवर गेला. 'कशामुळे' या खणासाठी मात्र आकडे पुरत नाहीत, कारखान्यात विचारावं लागतं. माहीत नसेल तर तिथे प्रश्न लिहायचा, अंदाज ठोकायचा नाही.

इथे एक हमखास गोंधळ असतो : 'इन्क्रीज्ड बाय' आणि 'इन्क्रीज्ड टू'. मराठीत 'सहा लाखांनी वाढला' आणि 'बेचाळीस लाखांवर गेला' यांत कुणी चुकत नाही. 'नी' म्हणजे बाय, 'वर' म्हणजे टू. फळ्यावर एकदा लिहिलं की काम भागतं.

एकाच ऋणकोची चार नावं

अकरावी-बारावी मराठीतून झालेल्या मुलांकडे ऋणको, धनको, घसारा, रोजकीर्द, खातेवही असे पक्के शब्द असतात. यातला ऋणको टॅलीत त्यांना 'सन्ड्री डेटर्स' म्हणून भेटतो. कंपनी कायद्याच्या शेड्यूल तीनमध्ये, म्हणजे कंपन्यांच्या ताळेबंदाच्या ठरलेल्या नमुन्यात, तोच 'ट्रेड रिसीव्हेबल्स' होतो आणि अमेरिकी क्लायंट त्याला 'एआर' म्हणतो, म्हणजे अकाउंट्स रिसीव्हेबल. चारही एकच. मुलांना वाटतं आपल्याला संकल्पनाच येत नाही. प्रत्यक्षात फक्त नाव बदललेलं असतं. म्हणून शब्दांची यादी चार रकान्यांची करावी : मराठी पाठ्यपुस्तक, टॅली, शेड्यूल तीन, अमेरिका. साठ-सत्तर शब्द पुरतात.

त्यात काही सुरुंग आहेत. 'स्टॉक' म्हणजे आपल्याकडे माल. अमेरिकी माणसाला आधी शेअर आठवतात, मालाला तो 'इन्व्हेंटरी' म्हणतो. 'टर्नओव्हर' म्हटल्यावर त्याला नोकरी सोडून जाणारी माणसं आठवू शकतात. 'आय हॅव अ डाउट' हे आपल्यासाठी 'मला एक विचारायचंय', त्याच्यासाठी 'मला शंका आहे, हे खरं वाटत नाही'. आणि 'प्लीज रिव्हर्ट ऑन द एंट्री' लिहिलंत तर उत्तर देण्याऐवजी तो एंट्रीच उलटवायची का म्हणून विचारत बसेल. हे शब्द चुकीचे नाहीत, भारतात ते सर्रास चालतात. समोर कोण आहे एवढंच बघायचं.

नोटीस आली, आता?

सरकारी इंग्रजीची भीती सर्वांना असते, कारण सगळं वाचायचा प्रयत्न होतो. नोटिशीला आधी फक्त चार प्रश्न विचारायचे : कुठला काळ, कुठलं कलम, कुठला फरक, उत्तर कधीपर्यंत. उदाहरणार्थ, जीएसटीत विवरणपत्राच्या छाननीत फरक आढळला तर एएसएमटी-१० येते. उत्तर एएसएमटी-११मध्ये, नोटिशीत दिलेल्या मुदतीत, जास्तीत जास्त तीस दिवसांत. ३बी या विवरणपत्रात घेतलेलं इनपुट टॅक्स क्रेडिट (खरेदीवर भरलेल्या कराची वजावट) २बीपेक्षा, म्हणजे पुरवठादारांच्या माहितीवरून आपोआप बनलेल्या पत्रकापेक्षा, ठरावीक मर्यादेपलीकडे जास्त निघालं तर डीआरसी-०१सी, आणि तिथे हाताशी फक्त सात दिवस. फॉर्मचं नाव वाचताच मुदत आठवली पाहिजे.

उत्तरात एकेक क्रियापद महागात पडतं. 'वुई ॲक्नॉलेज द नोटीस' म्हणजे नोटीस मिळाली. 'वुई ॲडमिट द डिफरन्स' म्हणजे फरक कबूल. विद्यार्थ्याला दोन्ही सारखेच नम्र वाटतात. अंतिम उत्तर सीनियरच पाठवणार, पण मसुदा यांच्या हातून जातो आणि घाईत तसाच पुढे सरकतो.

वर्किंग पेपरचंही असंच. एसए २३० या ऑडिट मानकाची कसोटी अशी की ज्या अनुभवी ऑडिटरचा त्या कामाशी आधी संबंध नव्हता, त्यालाही टिपण वाचून काय केलं ते कळावं. 'चेक्ड, फाउंड ओके' या कसोटीत नापास. काय तपासलं, कितीपैकी किती, कशाशी ताडून, काय सापडलं, कुणी आणि कधी : एवढं आलं की इंग्रजी मोडकं असलं तरी टिपण पास.

'पण व्याकरणच कच्चं असेल तर?'

तर तेही शिकवायचं, पण कागद मागेल तेवढं. ईमेलला विनंतीची रूपं लागतात, टिपणाला भूतकाळ, भाष्याला तुलना, नोटिशीला 'शॅल' आणि 'मे' यांतला फरक. अहवालात 'एक्सेप्ट फॉर' हे दोनच शब्द ऑडिटरचं स्वच्छ मत सशर्त करून टाकतात. असे आठ-दहा मुद्दे निघतात. एरवी बारा काळांच्या तक्त्यातच सत्र संपतं आणि ईमेलची पाळी येत नाही.

'इंग्रजीचे शिक्षक अकाउंट्स कसं शिकवणार?'

त्यांनी शिकवूच नये. अकाउंट्स मुलांना येतं. शिक्षकांनी अज्ञानी क्लायंट व्हावं. 'डिप्रिसिएशन म्हणजे काय हो? पैसे तर गेले नाहीत, मग खर्च कसा?' या प्रश्नाचं इंग्रजीत उत्तर देताना मुलांची जी कसरत होते, ती कुठल्याही रोल-प्लेच्या छापील संवादात होत नाही. सोबत अकाउंट्सच्या सहकाऱ्याने कागद निवडायला आणि तपासायला सत्रात चार-पाच तास द्यावेत. ते तास वेळापत्रकात दाखवा, नाहीतर दुसऱ्या महिन्यात ते गायब होतात.

'एआय लिहून देतो की आता'

देतो, आणि गुळगुळीत देतो. पण कुठली चार बिलं सापडली नाहीत हे त्याला तुम्हीच सांगायचं असतं, आणि ते नेमकं सांगता आलं की निम्मा ईमेल लिहून झालेला असतो. शिवाय क्लायंटचं नाव, पॅन, रकमा बाहेरच्या साधनात टाकणं म्हणजे गोपनीयता मोडणं. वर्गात त्याचा उपयोग उलटा करावा : बनावट माहितीवरून त्याच्याकडून मसुदा घ्यायचा आणि मुलांनी त्यातली फालतू वाक्यं, चुकीची संज्ञा आणि वाढवलेली नम्रता खोडायची. 'आय होप धिस ईमेल फाइंड्स यू वेल'पासून सुरुवात करता येईल.

शंभर-सव्वाशे मुलांची परीक्षा कशी घ्यायची?

खरी अडचण ही. सव्वाशे ईमेल एकटा शिक्षक दर आठवड्याला तपासू शकत नाही. म्हणून तपासणी कामावर सोपवायची. अर्ध्या वर्गाला बिलांचा एक बनावट गठ्ठा द्यायचा, उरलेल्यांनी ईमेल लिहून त्यातली चार मागायची. गठ्ठा हातात असलेल्याने एकही प्रश्न न विचारता नेमकी चार बिलं काढून दिली तर ईमेलला पूर्ण गुण. चुकीची काढली तर दोघांनी मिळून शोधायचं : घोळ लिहिण्यात झाला की वाचण्यात? शिक्षकांनी दर आठवड्याला फक्त वीस तपासावेत, दर वेळी वेगळे.

५० गुण असतील तर ३० सत्रभरातल्या अशा पाच कामांना, २० शेवटच्या परीक्षेला. आणि परीक्षेतही एक ईमेल, एक तक्ता, एक नोटीस. 'शॉर्ट नोट्स' एकही नको, कारण एक ठेवली की पोरं तेवढीच पाठ करतात.

कागदांचा गठ्ठा दरवर्षी चाळावा लागतो. १ एप्रिल २०२६पासून नवा आयकर कायदा लागू झाला आणि कलमांचे क्रमांक बदलले. जुन्या क्रमांकांच्या नोटिशीवर सराव केलेली मुलं ऑफिसात पहिल्याच दिवशी अडतील. प्रत्येक नमुन्याच्या कोपऱ्यात तो कधी घेतला ते लिहून ठेवा आणि उन्हाळ्याच्या सुट्टीत जुने नमुने काढून टाकून, त्या वर्षी कामाला लागलेल्या मुलामुलींकडून तेवढेच नवे मागवा.